दीडशे फसव्या जोड्या

१२ जून

ताई,

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, 'अलोन' आणि 'लोनली' या दोन शब्दांच्या मधल्या रेघेवर, माझं आयुष्य बदललं. नमस्कार, तब्येतपाणी वगैरे गृहीत धर. आधी हे ऐक.

कॉलेज सोडून मला चार महिने झाले, हे तुला माहीत आहेच. घरी अजून 'सोडलं' म्हणत नाहीत, 'थांबलाय' म्हणतात. जणू मी बस आहे. आता मी जिथे काम करतो ते लोक शिकवणीचे वर्ग चालवतात आणि अभ्यासाची पुस्तकं काढतात. जागा तीन खोल्यांची. पुढच्या खोलीत सर, मधल्या खोलीत मी आणि मुद्रितं तपासणारे काका, आणि मागे काचेची एक खोली, तिथे छापायच्या पानांची अक्षरजुळणी होते. काकांना आम्ही तोंडावर काका म्हणतो आणि मागून खोडरबर. पानं छापून आली की त्यातल्या चुका काढायच्या आणि दिवसभर चष्मा पुसायचा, एवढंच त्यांचं काम असावं.

सध्या आमचं पुस्तक चालू आहे फसव्या इंग्रजी शब्दांचं. दिसायला सख्खे भाऊ आणि अर्थाने एकमेकांचं तोंड न बघणारे, अशा शब्दांच्या दीडशे जोड्या. खिशात मावेल एवढं पुस्तक. डावीकडे एक शब्द, उजवीकडे दुसरा, खाली अर्थ, आणि अर्थाखाली आपल्या भाषेत एकेक वाक्य, म्हणजे फरक डोक्यात बसावा. ही वाक्यं लिहितो मी. ज्याने इंग्रजीच्याच तासाला मास्तरांशी भांडून कॉलेज सोडलं, त्याच्याकडून इंग्रजीचं पुस्तक लिहून घेतात, यावरून पुस्तकाची पायरी ओळख.

तर पद्धत अशी. मी चिठ्ठीवर वाक्य लिहून ट्रेमध्ये टाकतो. ट्रे काकांच्या टेबलावरून मागच्या खोलीत जातो. दोन दिवसांनी छापील पान माझ्यापुढे येतं. आणि मागच्या खोलीत कोण बसतं? ती.

ती जुळणी करते. पाठ दाराकडे, कानात इअरफोनची बोंडं, वेणी खुर्चीच्या मागे सोडलेली, आणि बोटं अशी चालतात की बघणाऱ्याला आपल्या हातांची लाज वाटावी. आजवर ती माझ्याशी एकूण एक वाक्य बोलली आहे. "तुमचं अक्षर फार घाण आहे." पण ताई, ज्या सुरात म्हणाली ना!

आता मंगळवार. 'अलोन' म्हणजे नुसता एकटा, 'लोनली' म्हणजे एकाकी. माणूस एकटा असून एकाकी नसतो आणि चारचौघांत बसून एकाकी असतो. मी 'अलोन'खाली लिहिलं होतं, "ती काचेच्या खोलीत दिवसभर एकटी बसून काम करते." साधी गोष्ट, डोळ्यांसमोरची. छापील पानावर काय आलं? "ती दिवसभर एकटी असते." काच गेली, काम गेलं. उरलं एवढंच, की ती दिवसभर एकटी असते. असं कुणी कुणाला उगाच सांगतं का?

'लोनली'खाली मी लिहिलं होतं, "माणसांनी भरलेल्या खोलीत बसूनही तो कधीकधी मनातून एकाकी होता." आलं, "तो मनातून एकाकी होता." 'कधीकधी' तिने पुसून टाकलं. कारण तिला कळलंय, ताई. कधीकधी नाही. कायम.

घरी यातलं काही बोलू नकोस. आणि शहाणपणा शिकवायचा असेल तर पत्रच पाठवू नकोस.

तुझा,
तडतड्या

१७ जून

प्रिय तडतड्या,

शहाणपणा नसलेलं पत्र लिहायला मला जमत नाही, म्हणून हेच घे.

तुझी चुलत बहीण असल्याचा मला अभिमान आहे. सहा वर्षांनी मोठी असल्याचा त्याहून जास्त. मुलीने चार शब्द कमी केले आणि तू तिच्याशी संसार थाटून मोकळा झालास. उद्या तिने स्वल्पविराम घातला तर मुलांची नावं ठेवशील.

पत्रासोबत पाठवलेली तुझी ती जोड्यांची यादी मी वाचली. मला तुमच्या सरांचं डोकं कळत नाही. इथे इस्पितळाच्या औषधभांडारात माझं निम्मं आयुष्य एका नियमावर चालतं: सारख्या नावांच्या बाटल्या एका फळीवर ठेवायच्या नाहीत. एक या टोकाला, दुसरी त्या टोकाला, मधे कापूस आणि पट्ट्या. शेजारी ठेवल्या की घाईत हात चुकतोच. आणि तुम्ही मात्र शोधून शोधून वैरी शेजारी बसवता आणि पोरांना म्हणता, ओळखा! तुझी यादी वाचल्यापासून 'डेझर्ट' कुठलं आणि 'डिझर्ट' कुठलं, हे मी चुकायला लागले आहे. आधी जन्मात चुकले नव्हते. काल जेवणानंतर गोड मागायचं, तर वाळवंट मागितलं.

मला एकच विचारायचं आहे. ट्रे काकांच्या टेबलावरून जातो म्हणतोस. तिथे तो नुसता टेकतो, की तिथे काही होतं?

माझं म्हणशील तर डोकं उठलं आहे. औषधं पुरवणाऱ्या कंपनीचा एक माणूस आहे. मुदत संपत आलेल्या बाटल्या तपासून वहीत लिहायच्या, हे त्याचं काम. महिन्यातून एकदा यायचं. हा दर मंगळवारी येतो. इतका संशयी माणूस मी पाहिला नाही. आज म्हणतो, "या खोलीला खिडकी नाही. तुम्हाला गुदमरत नाही का?" आता खिडकीचा आणि मुदतीचा काय संबंध? असंच चाललं तर मी त्याच्या वरिष्ठांना कळवणार आहे.

जेवत जा. रागावू नकोस.

ताई

२८ जून

ताई,

काकांच्या टेबलावर काय व्हायचंय? ट्रे तिथे टेकतो, काका त्यावर कोपर ठेवून चष्मा पुसतात, मग तो पुढे जातो. तू इस्पितळात राहून प्रत्येक गोष्टीला रोग समजायला लागली आहेस.

पुरावा हवा ना तुला? घे.

'लूज' म्हणजे हरवणे, 'लूस' म्हणजे सैल. दुसऱ्याखाली मी लिहिलं, "वेणी सैल झाली तरी कामातलं तिचं लक्ष जराही हलत नाही." आलं, "तिची वेणी सैल झाली." मी पान हातात घेऊन काचेतून पाहिलं. ताई, खरंच झाली होती! त्या दिवशी, त्या क्षणी!

पुढे ऐक. 'सेन्सिबल' म्हणजे समंजस, 'सेन्सिटिव्ह' म्हणजे हळवा. मुद्दाम परीक्षा बघायची म्हणून लिहिलं, "समंजस मुलगी माझ्यासारख्या रागीट माणसापासून चार हात लांब राहते." आलं, "समंजस मुलगी लांब राहते." वाचून पान बाजूला सारणार होतो. पण त्याच पानावर, लगेच शेजारी, माझं दुसरं वाक्य होतं, "हळव्या माणसाला एक शब्दही लागतो, म्हणून त्याच्याशी नेहमी जपून बोलावं." ते आलं, "हळव्या माणसाशी जपून बोलावं." म्हणजे काय? अक्षर घाण आहे म्हणाली होती ना, त्याबद्दल ही माफी. तोंडाने मागवेना, म्हणून छापून मागितली.

एकदा मात्र घाव बसला. तुझ्या वाळवंटाखाली मी लिहिलं होतं, "वाळवंटात चालणाऱ्याला आणि तिच्याकडे बघणाऱ्या मला तहान सारखीच लागते." आलं, "वाळवंटात फार तहान लागते." 'मी' गायब. तीन दिवस धड जेवलो नाही. मग उलगडलं. पानं शेवटी काका तपासतात. त्यांच्या डोळ्यांखालून 'मी' आणि 'ती' एका ओळीत गेले तर बोभाटा होईल, म्हणून तिने मला लपवलं. आणि 'फार' हा शब्द माझा नव्हता, ताई. तो तिने पदरचा घातला.

मधे सरांशी वाजलं. ते पानं आपटून म्हणाले, "ही 'ती' कोण रे? ऐंशी वाक्यांत सत्तर वेळा 'ती'! जगात दुसरं माणूस नाही?"

मी म्हटलं, "माझ्या जगात नाही."

"मग तुझ्या जगात जाऊन पुस्तक काढ."

मी राजीनामा लिहून त्यांच्या पुढ्यात ठेवला. अर्ध्या तासाने ट्रे आला, त्यात नवं पान होतं, म्हणून जाऊन परत घेतला. सर म्हणाले, "एवढ्या लवकर?" मी म्हटलं, "अक्षर नीट आलं नव्हतं."

आता तुझं. ताई, बाटल्यांची मुदत काय दर मंगळवारी बदलते? महिन्यातून एकदाचं काम जो चार वेळा करतो तो कामाला येत नाही. त्याला खिडकी दिसत नाही म्हणून गुदमरत नाही, त्याला तू दिसतेस म्हणून गुदमरतं. आंधळ्यालाही कळेल. वरिष्ठांना कळवलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

तडतड्या

४ जुलै

तडतड्या,

माझ्या कामात नाक खुपसू नकोस. तो माणूस रीतसर वही घेऊन येतो, रीतसर सही घेऊन जातो. परवाच्या मंगळवारी त्याने वहीत माझं नाव चुकीचं लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं, मग पान बदलून सुवाच्य लिहिलं. आता ज्याला एक नाव धड लिहिता येत नाही त्याच्यावर औषधांचा भरवसा टाकायचा, ही माझी चिंता आहे. तुझ्या डोक्यात दुसरं काही येतच नाही, त्याला मी काय करू? कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं.

तुझे पुरावे वाचले. दोनदा वाचले. हसू आलं, मग हसू गेलं. कारण तू ज्या जोराने एखाद्या गोष्टीवर विश्वास ठेवतोस त्याच जोराने नंतर आपटतोस, आणि त्याचा आवाज इथपर्यंत येतो. फेब्रुवारीत आला होताच.

तेव्हा माझं एक ऐक. चिठ्ठ्या पुरे. दोन पायांवर उभा राहा, सात पावलं चाल, काचेवर टकटक कर आणि तोंडाने विचार: "मला तुम्ही आवडता. तुम्हाला मी?" पाच शब्द आहेत. पाचांच्या वर एकही नको. तू बोलायला लागलास की थांबत नाहीस, आणि लांबवलेल्या प्रश्नाला कुणी उत्तर देत नाही. ती हो म्हणाली तर हो. नाही म्हणाली तर निदान ते तिचं असेल, तुझ्या डोक्यातलं नसेल.

तुला तोंड आहे ना? भांडताना तर दिसतं.

ताई

१३ जुलै

ताई,

तुझं पत्र मिळालं. तुझ्यावर चिडलो, मग पटलं. पाच शब्दांचं विशेष पटलं.

पण आधी गंमत सांगतो. या आठवड्यात 'इम्प्लाय' आणि 'इन्फर' ही जोडी आली. सर म्हणाले, यात भले भले घसरतात. मला हसूच आलं. अगं, सरळ आहे. 'इम्प्लाय' करतो बोलणारा: तो न बोलता काही सुचवतो. 'इन्फर' करतो ऐकणारा: तो त्यातून काही ताडतो. एकाने सुचवलेलं नसतानाही दुसरा खुशाल ताडू शकतो, म्हणून तर शब्द दोन. मी मिनिटात लिहून टाकलं. अख्ख्या पुस्तकात इतकी सोपी जोडी नाही. लोकांचा यात गोंधळ होतो कसा, देव जाणे!

आता मुद्दा. शेवटची, दीडशेवी जोडी आहे 'पर्पज' आणि 'प्रपोज'. पहिल्याचा अर्थ हेतू, दुसऱ्याचा मागणी घालणे. विचार कर, दीडशे जोड्यांत ही शेवटी यावी! टकटक करून तोंडाने विचारणं मला अवघड नाही, भीतीबिती मुळीच नाही. पण महिनाभर ज्या वाटेने आमचं बोलणं चाललंय ती वाट सोडून एकदम काच ठोठावणं बरं दिसत नाही. तिलाही चमत्कारिक वाटेल. म्हणून तुझं निम्मं ऐकलं. 'प्रपोज'खाली मोजून पाच शब्द लिहिले:

"मागणी मान्य? ओळ राहू द्या."

कळली खुबी? आजवर तिने माझी एकही ओळ जशीच्या तशी ठेवलेली नाही. एकही नाही! काही ना काही बदललंच. या वेळी बदललं तर नकार. तशीच ठेवली तर होकार. तिला काही करायचंच नाही, नुसतं राहू द्यायचं. याहून सोपं कुणी कुणाला विचारलं असेल का?

चिठ्ठी काल ट्रेमध्ये टाकली. चारदा लिहून पाहिली, म्हणून अक्षर सुंदर आलं. पत्र पाकिटात घालून ठेवतो, चिकटवत नाही. पान आलं की कळवतो.

१५ जुलै, सकाळी

आलं! ताई, पान आलं! ओळ तशीच आहे! तेच पाच शब्द, तोच क्रम, प्रश्नचिन्हासकट! ओळीपुढे एक बारीकशी खूणही आहे, पेन्सिलीने केलेली, बरोबरची. मी ते पान शर्टाच्या आत ठेवलंय. शुक्रवारी तिच्यासमोर जाईन. तोवर इस्त्रीवाल्याकडून सदरा येईल.

आता बोल!

तुझा (आणि आता तिचाही),
तडतड्या

१८ जुलै

तडतड्या,

थांब. हे पत्र वेळेत पोहोचलं असेल तर काही करू नकोस.

तुझी सगळी पत्रं समोर मांडून बसले आणि आमच्या सवयीप्रमाणे यादी केली: तू लिहिलेली वाक्यं एका बाजूला, छापलेली दुसऱ्या. "ती दिवसभर एकटी असते." चार शब्द. "तो मनातून एकाकी होता." चार. वेणी चार, समंजस चार, हळव्या चार, वाळवंट चार. तुझी मूळ वाक्यं आठ, नऊ, दहा. तू लांब लिहितोस, छापताना आखूड होतं. हे प्रेम नव्हे रे, ही पट्टी आहे. पुस्तक खिशात मावेल एवढं आहे, तूच लिहिलंस. त्याच्या ओळीत मावेल तेवढंच कुणीतरी ठेवतं. आणि तू शेवटी पाच शब्दांचं लिहिलंस, ते मावलं, म्हणून कुणी हात लावला नाही.

पाच शब्द मी सांगितले होते. त्याचं मला काय वाटतंय ते लिहीत नाही.

ते कुणीतरी कोण, हे तुला कळत नसेल तर काकांचा चष्मा इतका का मळतो ते विचार.

आणखी एक. काल मंगळवार नव्हता. तरी तो आला. वही आणली नव्हती. दारात उभा राहिला. मग बोलला. तू म्हणाला होतास ते बरोबर निघालं. कुणाजवळ बोलू नकोस, घरी तर मुळीच नाही, मी अजून काही ठरवलेलं नाही.

पण आधी तू थांब.

ताई

२२ जुलै

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. शुक्रवार त्याआधी होऊन गेला होता.

मंगळवारच्या माणसाबद्दल मी काही बोलणार नाही, कारण तू बजावलं आहेस. फक्त एवढंच, की मी म्हणालो होतो. दुसऱ्याच्या ताटातलं मला नीट दिसतं. आपल्या ताटात मात्र मी डोकं घालून बसतो.

शुक्रवारी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. अकराला काचेवर टकटक केली. कानात बोंडं होती, तिला ऐकू गेलं नाही. आत गेलो आणि तिच्या टेबलाशी उभा राहिलो. तिने एक बोंड काढलं, मान वळवली नाही.

मी म्हटलं, "पान मिळालं."

"बरं."

"ओळ तशीच आहे."

"कुठली ओळ?"

"शेवटची. तुम्ही तशीच ठेवलीत."

"चिठ्ठीवर असेल तशीच लावणार ना. मी कशाला बदलू?"

"पण वाचलीत ना?"

"मी वाचत नाही." तिची बोटं चालूच होती. "वाचायला लागलं की हात चुकतात. मी नुसती अक्षरं बघते. एकामागून एक. दिवसाला चाळीस पानं असतात, वाचत बसले तर घरी कधी जाऊ?"

"मग माझी वाक्यं कापली कुणी?"

तिने मधल्या खोलीकडे नुसती पेन्सिल रोखली.

ताई, मी काकांसमोर जाऊन उभा राहिलो तेव्हा ते चष्मा पुसत होते. मी म्हटलं, "माझ्या वाक्यांचा खून तुम्ही केलात?"

ते म्हणाले, "खून कसला? हजामत केली. ओळीत तेरा अक्षरं मावतात आणि तू लिहितोस तीस. उरलेली काय माझ्या खिशात घालू?"

"मला सांगायचंत तरी!"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू काचेकडे बघत होतास."

"आणि 'वाळवंटात फार'? ते 'फार' कुणाचं?"

"माझंच. तिथे उलट दोन अक्षरांची जागा उरत होती. ओळ बोडकी दिसायला लागली." मग चष्मा चढवून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "रागावू नकोस. शेवटचं वाक्य आलं ना, तेव्हा मी मनात म्हटलं, पोरगं शिकलं. मोजून ओळीत बसवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुझ्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली मी."

म्हणजे ताई, माझी मागणी मान्य झालेली आहे. फक्त काकांकडून.

तुला वाटेल मी टेबल उलथलं असेल. उलथणार होतो, हातही लावला होता. पण त्या माणसाचा चेहरा इतका कौतुकाचा होता की हात तसाच राहिला. घरी गेलो. शनिवार, रविवार खोलीत बसून राहिलो. माझ्या एकेका वाक्यावर मी जे इमले चढवले होते ते एकेक आठवून लाजत होतो. सोमवारी तुझं पत्र आलं. तू जे शब्द मोजून दाखवलेस ते काकांचं आधीच सांगून झालं होतं. पण तुझं चार तारखेचं पत्र मी पुन्हा काढलं. त्यात तू म्हणाली होतीस, नाही म्हणाली तर निदान ते तिचं असेल. ते मी तेव्हा वाचलं होतं खरं. तिच्यासारखंच, नुसती अक्षरं.

आज सकाळी सरांनी बोलावलं. पुस्तक छापून झालंय, पहिल्या गठ्ठ्यातली प्रत त्यांच्या हातात होती. म्हणाले, "हे शेवटचं वाक्य पोरांना कळणार नाही. मलाही कळलं नाही. पण छापून झालंय, आता राहू दे." मी म्हटलं, "राहू द्या." मग म्हणाले, पुढचं पुस्तक वाक्प्रचारांचं आहे, तूच कर. मी म्हटलं, नको. कुठे जाणार विचारलं, तर म्हटलं ठाऊक नाही. कॉलेजात परत जाईन असं मी म्हटलेलं नाही, तेव्हा घरी तसं काही सांगू नकोस.

चार वाजता मी माझं टेबल आवरलं आणि मागच्या खोलीत गेलो. तिने पुन्हा एकच बोंड काढलं. मी म्हटलं, "दोन्ही काढता का?"

तिने काढली. खुर्ची माझ्याकडे फिरवली. ताई, तिचा पूर्ण चेहरा मी आज पहिल्यांदा पाहिला. मी ज्या चेहऱ्याला दीड महिना वाक्यं लिहीत होतो तो हा नव्हता. हा जास्त चांगला होता, आणि दमलेला होता.

मी म्हटलं, "मला तुम्ही आवडता. तुम्हाला मी?"

ती गोंधळली. हसली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, "मी?"

"तुम्ही."

"कधीपासून?"

"दहा जूनपासून."

"मला वाटायचं तुम्ही माझ्यावर चिडला आहात. अक्षराला नावं ठेवली म्हणून. त्या दिवसानंतर शुक्रवारपर्यंत तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. मी येता-जाता बघायचे, तर तुम्ही कागदात तोंड घालून बसलेले. दोनदा मी स्वतःहून बोलणार होते, मग म्हटलं जाऊ दे, माणूस घुमा आहे."

मला घुमा म्हणणारं जगात हे पहिलंच माणूस. तिने थोडा वेळ खरोखर विचार केला. मला दिसत होतं, ती शब्द जुळवत नव्हती, विचार करत होती.

"नाही," ती म्हणाली. "मी तुम्हाला ओळखतही नाही. नाही."

त्यात ताडण्यासारखं काही नव्हतं. मी तरी शोधून पाहिलं, सवयीने. सूर पाहिला, डोळे पाहिले. नाही म्हणजे नाहीच होतं, आणि ते सगळं तिचं होतं.

"बरं," मी म्हटलं. "येतो."

तिने मान हलवली, एक बोंड कानात घातलं, दुसरं हातात धरून खुर्ची वळवली. बाहेर बोळात छापखान्याचं यंत्र धडधडत होतं. पाठमोरीच म्हणाली, "जाताना तेवढं दार लावून घ्या हं. आवाज येतो."

मी बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.